वडिलांचं पापनिवेदन मी ऐकलं

हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा कासारसाईच्या रस्त्याला आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घरमालकीण खाली राहायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "कुलदैवत कोनचं तुमचं, दादा?" आमचं आडनाव कुठंही खपणारं. आम्ही ख्रिस्ती आहोत म्हटलं तर खोली जाईल, या भीतीनं मी म्हणालो, "खंडोबा." वडील शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्यांची जपमाळ उशीखाली गेली.

सहा वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं. "फादरला बोलाव, पापनिवेदन करायचंय," असं आठवडाभर म्हणत होते. पांढऱ्या झग्यातले फादर खालच्या घरमालकीण मावशींच्या ओट्यावरून वर येताना माझ्या डोळ्यांपुढं यायचे. "रविवारी येतो म्हणालेत," मी सांगायचो. फोन मी केलाच नव्हता.

शनिवारी दुपारी त्यांना धाप लागली. आता बोलावूनही फादर वेळेत पोचणार नव्हते. "बाबा, फादर आले," मी म्हणालो, दाराची कडी वाजवली आणि उशाशी जाऊन बसलो.

ते थांबत थांबत बोलले. बाकीचं मी लिहिणार नाही. शेवटचं असं होतं, "घरात देवाचं नाव लपवलं, फादर. मुलगा लपवत होता, मी गप्प बसलो." मी हात उचलला आणि आवाज बदलून क्षमेचे शब्द म्हणालो. धर्मगुरूशिवाय कुणीच म्हणू नयेत ते शब्द. धाप ऐकून मावशीही वर आल्या. तासाभरात ते गेले. माती नगरकडं, गावी दिली.

त्यानंतर तीन वर्षं मी चर्चमध्ये मिस्साला मागच्या बाकावर बसलो, ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठलो नाही. अनंतकाळ म्हटलं की मला एकच दिसायचं. मी दिलेला क्षमेचा खोटा दाखला हातात धरून वडील एका दारात उभे आहेत, आणि तिथं संध्याकाळ होत नाही.

या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात शेवटी मी स्वतः पापनिवेदनाला बसलो आणि हे सांगितलं. "वडिलांनी मनापासून मागितलं, ते देवानं ऐकलं असेल," जाळीपलीकडून फादर म्हणाले. "तुमच्या क्षमेचं मात्र मला बिशपांना विचारावं लागेल. तोवर घरमालकिणीला खरं सांगा."

मावशी तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं.

"आगं बया! मंग त्या दिशी मी म्हाताऱ्याच्या तोंडात तुळशीचं पान घातलं, त्ये? तू हुबा व्हतास की तितं. तोंड शिवलं व्हतं का रं तुजं?"

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"न्हाई चाललं आसंल म्हाताऱ्याला, तर? मरनाऱ्याच्या तोंडात घातलंय म्या. कुनाची माफी मागू आता?"

"मावशी, ते पाप तुमचं नाही. माझं आहे."

"त्ये तू म्हनून कसं हुईल?" त्या म्हणाल्या.