रेलिंक्विशचा अर्थ

म्यानमारमधल्या मौलम्याइनच्या नदीकाठी ओन च्यी बाई इंग्रजीची शिकवणी घेत. मुलं त्यांना सयामा म्हणत, म्हणजे बाई. शिकून तयार झालेलं मूल गावात राहत नसे. कुणी मलेशिया गाठी, कुणी सिंगापूर. बाईंचे दोन्ही मुलगे याच चटईवर शिकले नि गेले. थोरल्याचा सणासुदीला फोन तरी येई, धाकट्याचा नंबरच लागेनासा झाला होता. राहता राहिली लेक प्विंट. तीही आता सिंगापुरात कुणा म्हातारीची सेवा करायला निघाली होती.

त्या आठवड्यात धड्यात शब्द आला, रेलिंक्विश.

“सयामा, मी फाटकी छत्री रेलिंक्विश केली. चालेल?” ल्विननं विचारलं. वर्गातला वात्रट तोच.

“ती तू फेकलीस रे मेल्या! ज्यावर आपला हक्क असतो आणि जे अजून हवं असतं, तेच रेलिंक्विश करायचं. खुर्ची, जमीन, मुलाचा ताबा. मन नको म्हणतं, तरी हात सैल करायचा.”

“मग नुसतं ‘गिव्ह’ म्हणा की!”

“देणं हातानं होतं. दान दिल्यावर आपण पाणी का सोडतो? शेवटचा थेंब पडला की ते आपलं उरत नाही. हे तसं आहे.”

मागून प्विंट आईला म्हणाली, “अमे, माझं वाक्य बघ. आईनं माझ्यावरचा हक्क रेलिंक्विश केला.”

मुलं हसली. “वाक्य बरोबर आहे,” म्हणत बाईंनी फळा पुसायला घेतला.

जेवताना प्विंट म्हणाली, “दोनच वर्षं गं, अमे.”

“धाकटाही दोनच वर्षांसाठी गेला होता.”

निघायच्या सकाळी भिक्खूंना घरी बोलावून जेवण दिलं. पाठ सुरू झाला तशा बाई तांब्यातलं पाणी वाटीत थेंब थेंब सोडू लागल्या. दानाचं पुण्य लेकीच्या वाटेला लागावं, एवढंच मागणं. पाठ संपेतो तांब्या रिता व्हायला हवा. पण हात मध्येच थांबला.

“अमे, ओत ना,” प्विंट कुजबुजली. “गाडी येईल.”

बाईंनी तांब्या कलता केला खरा, पण तोवर पाठ संपला. सगळे अनुमोदनाचं “साधू, साधू, साधू” म्हणाले. तळाशी पाणी उरलंच होतं.

प्विंट गेली. बाईंनी वाटीतलं पाणी रिवाजाप्रमाणे झाडाच्या मुळाशी घातलं. तांब्या तेवढा बुद्धाच्या फळीवर तसाच ठेवला. त्यानं लेक थांबणार नव्हती, हे का त्यांना कळत नव्हतं?

दुपारी ल्विन आला. त्याचंही जायचं ठरलं होतं. बाईंनी पुढचा धडा उघडला.

तांब्यातलं पाणी उन्हाळ्यात आपोआप आटून गेलं.