उडीएवढा बॉल

नवं राज्य झालं तेव्हा रायपुरात जो तो परक्या जागेत बसून कारभार करत होता. आमचं रायपूरचं जुनं कार्यालयही हलवून एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत आणलं होतं. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर 'खाट नं. ७' असं ठळक लिहिलेलं होतं आणि येणारा प्रत्येक जण माझी तब्येत विचारून जायचा. भोपाळहून कर्मचाऱ्यांच्या वाटणीत आलेली माणसं दुपारी सह्या करून चौबे कॉलोनीत, शंकर नगरात खोल्या शोधत फिरायची. त्या वाटणीतच भाऊ आमच्या शाखेत आले.

भाऊ म्हणजे जुन्या राज्याच्या व्हॉलीबॉल टीमचे स्मॅशर. मी कॉलेजात असताना त्यांना इथेच खेळताना पाहिलं होतं. त्यांनी मारलेला बॉल जमिनीवर आपटून कनातीवरून उडाला आणि बाहेरच्या पानठेल्यावर जाऊन पडला. पुढे कित्येक दिवस आम्ही त्या पानठेल्याकडे देवळासारखं बघत होतो. आता ते चाळिशी ओलांडून, केस पिकवून माझ्या शेजारच्या टेबलावर आले. आल्या आल्या त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, तीही डाव्या हाताने. उजवा हात कपाळाच्या वर जातच नव्हता.

"खांदा गेला गा," डबा खाताना ते म्हणाले. "स्मॅश संपला. पण मले एक मोसम अजून खेळायचा आहे. मैदानात उभं राहून. बाकावर बसून नाही." मग भाजीची वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "मले लिफ्टर व्हायचं आहे. तू शिकव."

लिफ्टर म्हणजे आलेला बॉल कपाळासमोर बोटांवर झेलून स्मॅशरसाठी नेटजवळ उचलून देणारा. टीममध्ये तो एकच असतो. आमच्या टीममध्ये आठ वर्षं तो मी होतो. एवढा मोठा खेळाडू माझ्याकडे शिकायला येतो म्हणून माझी मान ताठ झाली. मी हो म्हणालो आणि घरी जाऊन बायकोवर विनाकारण चिडलो.

रोज सकाळी साडेपाचला आम्ही कार्यालयामागच्या मैदानावर जायचो. सुरुवातीला बॉल त्यांच्या बोटांतून साबणासारखा निसटायचा. मी ओरडायचो, आणि खोटं कशाला बोलू, मजा घेऊन ओरडायचो. ते फक्त म्हणायचे, "पुन्हा सांग." इतकं नाव कमावलेला माणूस नवशिक्यासारखं ऐकून घेतो, हे मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलं नाही. दोन महिन्यांत त्यांच्या बोटांवरून बॉल आवाज न करता सुटायला लागला. माझी जागा गेली हे त्यांच्या आधी मला कळलं.

पण टीम साहेबांची होती. आमच्याकडे जागा हुद्द्याप्रमाणे ठरायच्या. साहेब कप्तान, म्हणून ते नेटवर. जीपचा ड्रायव्हर सगळ्यांत उंच उडायचा, पण तो दुसऱ्या टोकाला, उरलेसुरले बॉल मारायला. मी साहेबांना बॉल उंच द्यायचो, नेटच्या चांगला दोन हात वर, त्यांच्या मानाला शोभेल असा. साहेबांच्या उडीखालून वर्तमानपत्र सरकलं असतं तर खूप झालं. बॉल नेटमध्ये जायचा, आम्ही सगळे "बढ़िया सर!" म्हणायचो. यात काही चुकतंय असं आठ वर्षांत कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

विभागांच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात साहेबांनी भाऊंना स्मॅशर म्हणून उभं केलं.

"सर, हाथ नहीं उठता," भाऊ म्हणाले.

"अरे, इतने बड़े खिलाड़ी हैं आप!" साहेबांना तो विनय वाटला.

मी बॉल उचलला. भाऊ उडाले, हात कानाशीच अडकला आणि बॉल त्यांच्या पाठीमागे पडला. असं तीनदा झालं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. साहेबांनी भाऊंच्या हातात खडू दिला. "आप स्कोर लिखिए." भाऊ फळ्याजवळच्या बाकावर जाऊन बसले. माझा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याची मला तितकीच लाज वाटली.

त्याच लाजेने मी पुढचे दोन सामने खेळलो. उपांत्य सामन्यात तिसरा सेट अटीतटीचा झाला. साहेबांनी लागोपाठ दोन बॉल नेटमध्ये घातले. मी फळ्याकडे पाहिलं. भाऊंच्या डाव्या हातात खडू होता, उजवा हात मांडीवर होता, आणि त्या हाताची बोटं हवेत हळूच उघडत होती. मी उचललेला प्रत्येक बॉल बाकावर बसून तेही उचलत होते. ते मला पाहवेना.

पुढच्याच बॉलला मी बोट धरून खाली बसलो. "सर, उँगली गई."

"अब लिफ्ट कौन करेगा?"

"भाऊ करेंगे," मी म्हणालो. "मैंने सिखाया है." एवढी फुशारकी मला त्या वेळीही आवरली नाही.

भाऊंनी पहिला बॉल साहेबांनाच दिला. आता हेही साहेबांचीच मर्जी सांभाळणार, असं वाटून मी मनात कपाळाला हात लावला. पण तो बॉल वर गेलाच नाही. नेटच्या पट्टीवर जेमतेम वीतभर उठला आणि साहेबांच्या हातासमोर आला. साहेबांनी न उडता नुसता तळवा लावला. बॉल पलीकडे जमिनीवर. साहेब स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिले. दुसराही तसाच गेला. मग समोरचे दोघे साहेबांना अडवायला धावले, आणि भाऊंनी बॉल दुसऱ्या टोकाला ड्रायव्हरकडे सोडला. त्याने तो असा हाणला की पाचर बसावी तसा जमिनीत शिरतो की काय वाटलं.

आठ वर्षं मी साहेबांना हुद्द्याएवढा बॉल देत होतो. भाऊंनी त्यांना उडीएवढा दिला. ज्याचा स्वतःचा हात कपाळाशी अडतो, त्यालाच दुसऱ्याचा हात कुठवर जातो ते दिसत असावं.

तो सामना आम्ही जिंकलो. अंतिम सामना थोडक्यात हरलो, पण पूर्ण मोसम लिफ्टर भाऊच राहणार हे साहेबांनी मैदानावरच सांगून टाकलं.

भाऊ मला स्कूटरवर मागे बसवून घरी सोडायला निघाले. बूढ़ापाऱ्याच्या तलावाच्या वळणावर त्यांनी स्कूटर थांबवली आणि माझं बोट हातात घेतलं. "दुखून राहिलं?"

"हव."

त्यांनी ते जोरात ओढलं. मला ओरडायचं सुचलंच नाही.

"काहून केलं असं?" त्यांनी विचारलं. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी तलावाकडे बघत बसलो.

"उद्या साडेपाचले ये," ते म्हणाले. "तुह्या जागेवर आता मी आहो. तुले माही जागा शिकवतो."

माझं वय तेव्हा छत्तीस. दुसऱ्या दिवशी मी नेटसमोर उभा राहिलो. भाऊंनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं आणि बॉल उचलला. तो फार उंच नव्हता. मी उडालो, आणि माझा हात पोचला.