तळहातावरचा हुरडा

भाजल्या कणसांचा वास आला, की आमची ती हुरड्याची सकाळ आठवते. सोलापूरच्या गिरणीला सुट्टी होती, म्हणून हे आणि मी माझ्या माहेरच्या शेतावर गेलो होतो. निखाऱ्यांतली कणसं हातावर चोळताना सगळे हात झटकत होते. हे मात्र निवांत चोळत होते. तळहातावर फोड उठलेले पाहून मी हळूच विचारलं, "पोळत न्हाय व्हय?" हे खाली बघत म्हणाले, "लई दिस झाले, त्या हाताला कळतच न्हाय. कुणाला सांगू नगं." मी तो हात पदराखाली झाकला. पुढं गोऱ्या डॉक्टरांनी महारोग सांगितला. भाऊ मला न्यायला आला, पण मी गेले नाही. गावाबाहेरच्या दवाखान्याजवळ झोपडीत राहिले. माहेर तुटलं, त्याचं आज दुःख नाही. हे शेवटपर्यंत "तू जा की," म्हणत राहिले, तेवढं अजून सलतं.