चौथ्या प्रकरणापर्यंत

मेव्हण्याने व्हीआरएस घ्यावी की नाही, हे मी माझ्या अर्धवट प्रबंधावरून ठरवलं आणि त्याला घेऊ नकोस म्हणून सांगितलं. तेव्हा माझी चार प्रकरणं लिहून झाली होती. पाचव्या प्रकरणाचं मी अजून काही वाचलेलंही नव्हतं.

याला माझे गाइड जबाबदार, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यांची पद्धत अशी, की एका प्रकरणाचं वाचायचं, लिहायचं, ते त्यांच्या तांबड्या पेनाने सोलून घ्यायचं, आणि त्यांनी मान हलवली की मगच पुढच्या प्रकरणाची पुस्तकं उघडायची. "पुढचं वाचलं की मागचं बिघडतं," म्हणायचे. मी आज्ञाधारक. पुढचं कपाट उघडतसुद्धा नसे.

विषय होता साम्यवादोत्तर देशांतलं राजकीय आणि आर्थिक संक्रमण. म्हणजे नंतर तो झाला. मी नाव नोंदवलं तेव्हा विषय होता समाजवादी देशांतलं नियोजन. मी नाव नोंदवायला आणि ते देश एकेक करून बंद पडायला एकच गाठ पडली. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की बायको आतून हाक मारायची, "अहो, तुमचा अजून एक गेला." घाबरून गाइडकडे गेलो. ते सुपारी कातरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "देश गेला म्हणून विषय जात नाही हो. संस्कृतवाले बघा, मजेत आहेत." मग शीर्षकातलं नियोजन खोडून तिथे संक्रमण लिहिलं, आणि मी पुन्हा ग्रंथालयात जाऊन बसलो. तिकडची नियतकालिकं बोटीने यायची. तिथलं एखादं सरकार पडल्याचं मला कळेपर्यंत त्याच्या पुढचंही पडलेलं असायचं.

यातला एकही देश मी पाहिलेला नव्हता. पूर्व युरोप सोडाच, पूर्वेला माझी मजल शहराबाहेरच्या मांजरी गावापर्यंत, आणि तीही मेव्हण्याचा कारखाना त्या वाटेवर होता म्हणून. उसाच्या शेतांना लागून असलेला सरकारी कारखाना. पाण्याची आणि वाफेची मीटरं तयार व्हायची. मेव्हणा आयटीआय करून तिथे लागला होता. माझे सासरे खडकीला सरकारी नोकरीत होते. त्यांच्या मते माणसाला दोनच गोष्टी उभं करतात, शिक्षण आणि सरकारी नोकरी. मुलाला दुसरी लागली होती. पहिली त्यांनी जावई म्हणून आणली. पौर्णिमेला विहारात माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे जावई. डॉक्टर होताहेत." एकदा एका आजोबांनी मला तिथल्या तिथे गुडघा दाखवला होता.

तर त्या रविवारी आम्ही सासऱ्यांकडे जमलो होतो, तिथे मेव्हणा कारखान्याची नोटीस घेऊन आला. जे स्वखुशीने जातील त्यांना एकरकमी पैसे, बाकीच्यांचं पुढे बघू, असा तिचा अर्थ. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"जावईबापू, तुमचा तर हाच विषय. सरकारने कारखान्यातून अंग काढून घेतलं की पुढं काय होतं?"

माझ्या विषयातला प्रश्न मला कुणीतरी विचारण्याची ही पहिलीच वेळ. ग्रंथालयात मला एकच प्रश्न विचारला जायचा, "पंखा बंद करू का?"

मी वर्तमानपत्राच्या समासात इंग्रजी जे काढला. "हे बघ. व्यवस्था बदलली की आधी सगळं थोडं खाली जातं. मग सरळ वर."

"म्हणजे छत्रीची मूठ," मेव्हणा म्हणाला.

"तसंच समज."

"आणि खाली किती वर्षं असतं, भाऊजी?"

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. जगभरच्या विद्वानांनी तो जे काढून खाली आडव्या रेघेवर नुसतं 'काळ' असं लिहून ठेवलेलं. बायको भज्यांची ताटली घेऊन दारात उभी होती. सासरे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "तीन."

तीनच का? पाच म्हटलं असतं तर तो घाबरला असता. दोन म्हटलं असतं तर माझा अभ्यास कमी वाटला असता.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण भजी समोर आली होती आणि मला रंग चढला होता. "शिवाय तिकडे कारखाने विकले तेव्हा कामगारांना मालकीचे शेअर दिले. जे आधीच सोडून गेले ते बसले हात चोळत." हे खोटं नव्हतं. चौथ्या प्रकरणापर्यंत ते अगदी बरोबर होतं.

"म्हणजे राहायचं," मेव्हणा म्हणाला.

"राहायचं."

मेव्हण्याच्या बायकोने विचारलं, "आणि नाहीच विकला तर? नुसताच ठेवला तर?" तिला मी हसून म्हणालो, "वहिनी, असं नसतं हो."

पावसाळ्यात गाइडनी चौथ्या प्रकरणावर मान हलवली. मी पुढचं कपाट उघडलं. दोन आठवडे वाचत होतो. शेअरचा कागद म्हणजे काय ते ज्यांना धड कुणी सांगितलंही नव्हतं, अशा कामगारांनी तो फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला मिळेल त्या किमतीला विकला. ते कागद गोळा करत करत जुने साहेबच मालक झाले. कुठे कारखान्यापेक्षा जमिनीला भाव जास्त आला, कुठे महिनोन् महिने पगारच नाहीत, आणि पगाराऐवजी लोकांच्या हातात कारखान्यातलाच माल. आणि तो जे? काही देशांत तो जे नव्हताच. नुसता उतार होता. डोक्यावर पंखा चालू होता आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

अजून वेळ गेलेली नव्हती. फारसं कुणी पुढे येईना म्हणून कारखान्याने मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली होती. मी स्कूटर काढली आणि मांजरीची वाट धरली.

फाटकावर मेव्हण्याचं नाव सांगितलं तर पहारेकरी उठून उभा राहिला. "तुम्ही ते छत्रीवाले सर का?"

मला काही कळेना. मेव्हणा धावत आला आणि मला थेट कँटीनमध्ये घेऊन गेला. कँटीन बंद पडून महिना झाला होता. भिंतीवरच्या फळ्यावर जिथे पूर्वी आजची भाजी लिहायचे, तिथे खडूने भलामोठा जे काढलेला. माझ्यापेक्षा सुबक. खाली लिहिलं होतं, 'तीन वर्षे'.

"आमच्या सेक्शनमध्ये एकानंही फॉर्म भरला नाही, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "सगळ्यांना समजावून सांगितलं. आमच्या घरचाच माणूस आहे, अभ्यास केलाय त्यानं, म्हटलं."

पंधरा-वीस माणसं जमली. एकाने खुर्ची फडक्याने पुसली. बाहेरून चहा आला. मेव्हण्याच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता, आणि तो माझ्याबद्दलचा होता. असा योग माझ्या आयुष्यात त्याआधी आलेला नव्हता, त्यानंतरही आला नाही.

मी घसा साफ केला. "त्याचं काय आहे, मी आणखी थोडं वाचलं..."

"वाचाच, सर," एक पांढऱ्या मिशांचा माणूस म्हणाला. "आमच्यासाठी कोण वाचतंय एवढं? फक्त एक सांगा. आता आपण नक्की कुठं आहोत यात?"

त्याने खडू माझ्या हातात दिला.

तोंडाने बोलायचं ते राहून गेलं. मी फळ्याशी गेलो आणि जेच्या अगदी तळाला एक ठिपका दिला. "इथे."

कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे याच्याखाली नाही ना जायचं?"

"तळ थोडा लांबलाय," मी म्हणालो. एवढंच बोलून हात झटकले. खडूची भुकटी पँटला लागली, ती मेव्हण्याने झटकून दिली.

घरी आलो तेव्हा बायको कणीक मळत होती. "सांगितलंत?"

"तळ लांबलाय म्हणून सांगितलं."

"म्हणजे नाही सांगितलंत," ती म्हणाली आणि कणकेला पाणी लावलं.

महिनाअखेर झाली. मुदत संपली. पुढे कारखाना विकलाही गेला नाही आणि बंदही झाला नाही, हे मला सगळ्यात अवघड गेलं, कारण या अवस्थेला माझ्या एकाही प्रकरणात नाव नव्हतं. नाव होतं ते मेव्हण्याच्या बायकोच्या त्या प्रश्नात. मेव्हणा रोज डबा घेऊन जायचा, सही करायचा, थंड मशीनवरची धूळ पुसायचा आणि परत यायचा. पगार आधी उशिरा, मग अर्धा, मग कधीतरी. तीन वर्षं झाली, तेव्हा तो मला काही बोलला नाही. मीच दिवाळीला त्यांच्याकडे जायचं टाळलं. उसाच्या जागी इमारती उठल्या, त्यांत कॉम्प्युटरवाली पोरं राहायला आली, आणि त्यांच्यासाठी निघालेल्या पोळी-भाजी केंद्रात मेव्हण्याची बायको पहाटेपासून पोळ्या लाटायला लागली. त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, बारावीला चांगले मार्क पडले. इंजिनियरिंगला नंबर लागत होता. फी भरायच्या आठवड्यात मेव्हणा आमच्याकडे आला, चहा प्यायला, पाऊस फार झाला म्हणाला, आणि उठून गेला. भाचीने कॉमर्सला नाव घातलं. ते मला नंतर कळलं. मला सगळं नंतरच कळतं.

आणि माझा प्रबंध पूर्ण झाला.

तोंडी परीक्षा खुली असते. कुणीही येऊन बसावं. येतात ते नातेवाईक, आणि ते शेवटच्या सामोशासाठी. सासऱ्यांनी कोट घातला होता. मागच्या रांगेत मेव्हणा बसला होता, कारखान्याचा निळा शर्ट इस्त्री करून. त्याला मी बोलावलं नव्हतं. बायकोने बोलावलं होतं.

चार प्रकरणं झाली. पाचवं आलं. मी प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवला आणि सांगायला लागलो, शेअर कसे फाटकावर विकले गेले, साहेब कसे मालक झाले. पगाराऐवजी कामगारांना कारखान्यातली काचेची भांडी कशी दिली जायची, हा मी घासूनपुसून तयार ठेवलेला विनोद होता. "म्हणजे नोकरी केली की संसार आपोआप लागतो," मी म्हणालो. सभागृह हसलं. बाहेरचे परीक्षक हसले. मागच्या रांगेत निळा शर्ट हलला नाही. त्याला पाच महिने पगार नव्हता.

परीक्षक म्हणाले, पाचवं प्रकरण प्रबंधाचा प्राण आहे. अध्यक्षांनी रीत म्हणून विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?" सामोशांचा वास आला होता. लोक अर्धवट उठले होते.

मेव्हणा उभा राहिला.

"नमस्कार. मी यांचा मेव्हणा." पुन्हा थोडं हसू झालं. "ते शेअरचं सांगितलंत, ते तुम्हाला कधी कळलं?"

"वाचनाच्या ओघात," मी म्हणालो.

"ते झालं. पण फळ्यावर ठिपका दिलात, त्याच्या आधी का नंतर?"

सभागृहात कुणाला काही समजलं नाही. सासऱ्यांना समजलं असावं, कारण त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात गाइड म्हणाले, "प्रश्न प्रबंधाच्या कक्षेबाहेरचा आहे." अध्यक्षांनी मान डोलावली. सगळी वर्षं ज्यांना मनातून शिव्या घातल्या, त्या गाइडचा मला इतका आधार कधीच वाटला नव्हता.

"बरं," मेव्हणा म्हणाला आणि खाली बसला. जाताना माझा हात हातात घेऊन अभिनंदन म्हणाला. घरच्यांसाठी दोन पेढे कागदात गुंडाळून घेतले.

आता कारखान्याला कुलूप आहे. देणी कोर्टात आहेत. ते पांढऱ्या मिशांचे गृहस्थ वारले. कँटीनचं छप्पर बसलं म्हणतात. फळ्याचं काय झालं ते मी विचारलेलं नाही. अधूनमधून कुठल्यातरी चर्चासत्रात मला पूर्व युरोपावर बोलायला बोलावतात. मी बोलतो. जे काढतो. आडव्या रेघेखाली 'काळ' असं लिहितो आणि प्रोजेक्टरवर पुढचा कागद ठेवतो.

परवा सासऱ्यांकडे सगळे जमलो होतो. भाचीला कॉल सेंटरची नोकरी आली आहे. रात्रपाळी, घरी न्यायला गाडी, आणि दोन वर्षांचा बाँड. तिचं एम.कॉम. अर्ध्यावर आहे. पत्र हातात घेऊन ती माझ्याजवळ येऊन बसली. तिचं माझ्यावर अजून प्रेम आहे, का कोण जाणे.

"काका, करू का सही? ही कामं टिकतील ना पुढे?"

सासऱ्यांनी सवयीने टीव्हीचा आवाज बंद केला. बायको दारात थांबली. मी घसा साफ केला.

कोपऱ्यात मेव्हणा शेंगा सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"त्यांना नको विचारूस," तो म्हणाला. "त्यांचं अजून वाचून झालं नसेल."