ट्रकच्या नाकावर माझा पाटा

मैत्रिणींनो, आज माझ्या पाट्यानं चटणी सोडून भलतंच काम केलं.

ह्यांनी आणि शेजारच्या बिलनं वर्षभर खपून एक जुना मालट्रक वजन ओढण्याच्या स्पर्धेसाठी तयार केलाय. मागे जोडलेला जड स्लेड, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी, लांबवर ओढायचा. आज इथल्या अमेरिकन जत्रेत, काउंटी फेअरमध्ये, पहिलीच वेळ, आणि चालवणार आमची स्मिता!

सकाळी सरावात ट्रकचं नाक सारखं वर उचललं जायचं. चाकं अधांतरी, मग वळवणार कसं? माझा जीव पोरीत अडकलेला.

"पुढे वजन हवं. लोखंड विकत आणतो," हे म्हणाले.

"विकत कशाला? माझा पाटा न्या की!" बारा वर्षांपूर्वी साताऱ्याहून विमानातून आणलाय तो.

"आई, इट्स अ रॉक!" स्मिता हसली.

"लक्ष्मी आहे ती. पाय लावू नकोस."

नमस्कार करून पाटा पुढच्या लोखंडी पेटीत आवळून बसवला. दुपारी स्पर्धेत चाकं जमिनीला धरून राहिली. नंबर सातवा आला, पण पोर सरळ गेली आणि हसत उतरली.

आता ती म्हणते, पाटा ट्रकवरच राहू दे. तुम्ही दिला असता का? मी अजून हो म्हटलेलं नाही. पण आजची चटणी मिक्सरमध्ये केली.