धवलारणीची बैठक

आमच्याकडे लग्न एक वेळ भटजीशिवाय लागेल, पण धवलारणीशिवाय लागायचं नाही. धवलारीण म्हणजे मांडवात बसून धवले गाणारी बाई. देवांना बोलवायचं तिनं, घरातल्या गेलेल्या माणसांना आवतण द्यायचं तिनं. हळद कधी लागेल, नवरी कधी उठेल, हेही तिच्या गाण्यावर ठरतं. आमच्या कोन गावात हा मान माझ्या सासूचा. ती मांडवात शिरली की चांगले बापई गडीसुद्धा बिडी विझवायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा तिला जोडीदारीण हवी होती. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं झेलायची, अशी ती रीत. माझा आवाज तिनं चुलीपाशी ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मला समोर बसवलं. शब्द शिकवायच्या आधी तिनं मला बसायला शिकवलं. डावा पाय मुडपायचा, टाच बरोबर खाली घ्यायची, तिच्यावर अंगाचा भार टाकायचा आणि उजवा गुडघा उभा ठेवायचा. मी मांडी घातली की काठीनं गुडघ्यावर टोचायची.

"टाच खाली असली का आवाज वर जातं," ती म्हणायची. "धवलारनीची बैठक हाय ही. माज्या सासूनं मना शिकवली."

दोनेक वर्षांतच तिनं ओळ म्हणायचं काम माझ्यावर टाकलं आणि स्वतः झेलायला लागली. गळा गेला, म्हणाली. सगळ्यांना ते खरंच वाटलं. ती झेलायची तेही अगदी खालच्या सुरात, पुटपुटल्यासारखं.

पुढे शेतं गेली आणि त्यांच्यावर गोदामं उभी राहिली. नवरा जिथे भात लावायचा तिथेच शिफ्टमध्ये सुपरवायझर झाला. ट्रक येजा करू लागले, घरावर स्लॅब पडला, पण लग्नाच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या बायकांनीच थापायच्या आणि पाण्याचे हंडे बायकांनीच उचलायचे, ते काही बदललं नाही. मला चार मुलं. चौथा झाल्यावर महिनाभरात मी हंडा उचलत होते. त्यात कौतुक कसलं, सगळ्याच उचलत होत्या.

एका दुपारी दापोड्याच्या एका मांडवात देवांना बोलवायचा धवला चालला होता. त्यात एक ओळ लांब खेचायची असते. मी श्वास भरला, आवाज वर नेला आणि तेवढ्यात खाली काहीतरी सरकलं. दुखलं नाही. लुगड्याआड, माझ्याच अंगातून, ओलसर मऊ असं काहीतरी टाचेवर येऊन टेकलं. मी ओळ सोडली नाही. टाच घट्ट दाबली आणि सगळे देव बोलावून मगच उठले. देवांचं काय, त्यांना येऊन जायचं असतं. उरलं ते माझ्या अंगावर.

अंग बाहेर येतं म्हणतात ते हेच, हे मला कळलं. पाणवठ्यावर बायका दुसऱ्या कुणाबद्दल तरी, आवाज खाली करून बोलायच्या, तेवढंच माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. जुन्या साडीची घडी बांधायला लागले. लघवीला बसलं की बोटानं आत ढकलल्याशिवाय सुटका नसायची. संध्याकाळी कंबर अशी ओढायची की भांडी घासता घासता रडू यायचं, आणि रडू आलं की मी मुलांवर खेकसायचे. नवऱ्याला जवळ येऊ देत नव्हते. तो बिचारा समजला की गोदामावरच्या कुणा बाईबद्दल माझ्या कानावर काही आलंय. त्यानं तीन वेळा देवीची शपथ घेतली.

गाताना मात्र मी तगून होते. टाच होती ना! घट्ट बसलं, टाच दाबली की ते आत राहायचं. मला वाटायचं, काय नशीब बघा, आपल्याला बैठकच अशी शिकवली की अडचणीत उपयोगी पडावी. शिकायला येणाऱ्या दोन पोरी माझं बघून माझ्यापेक्षाही घट्ट बसायच्या. त्यातल्या एकीच्या पायाला मुंग्या यायच्या आणि ती धवला संपल्यावर मांडवातून लंगडत जायची. लोक म्हणायचे, पोरीच्या अंगात येतं.

शेवटी टाचही पुरेना. एका हळदीला मी ओळ मध्येच तोडली. आमच्यात ओळ तुटणं चांगलं समजत नाहीत. नवऱ्या मुलाची आई माझ्याकडे अशी बघत राहिली की मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे त्या बाईचं काय न्हाय ना?" मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ड्युटी सोडून मला भिवंडीत डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई कोकणी मुसलमान, जुन्या व्यापारी घरातल्या. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. गर्भपिशवी पार खाली उतरली आहे आणि तिनं लघवीची पिशवीही सोबत ओढली आहे, असं सांगितलं. आधी पिशवी वर धरायला आत एक रिंग बसवून बघितली. ती माझ्यात टिकेना. मग म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल. पिशवी खालूनच काढायची, आणि सैल पडलेल्या जागा टाके घालून वर बांधायच्या.

"त्रास सगळ्यात जास्त कधी होतो?" त्यांनी विचारलं.

"गाताना."

"बसता कशा गाताना?"

मी तिथेच जमिनीवर बसून दाखवलं. बाई वाकून बघत राहिल्या.

"हे कुणी शिकवलं, ताई?"

"सासूनं."

"आणि त्यांना?"

"त्यांच्या सासूनं."

बाई सरळ झाल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एवढंच म्हणाल्या, "सासूबाईंनाही एकदा घेऊन या."

मला वाटलं, ऑपरेशनची परवानगी घ्यायला बोलावतायत. घरी येताना, रिक्षा गोदामांच्या रांगेपाशी ट्रकच्या मागे अडकली तेव्हा, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आवाज वर जाण्याचा आणि टाचेचा काही संबंधच नव्हता. कधीतरी, कुठल्यातरी धवलारणीचं अंग बाहेर आलं. तिनं टाच लावून ते आत धरलं, गाणं सोडलं नाही, आणि कारण न सांगता सुनेला तसंच बसायला शिकवलं. तिनं तिच्या सुनेला. आम्ही त्याला रीत म्हणत होतो. मला संताप आला, असा की कान तापले.

सासू ओट्यावर जवळा निवडत बसली होती. मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "आय, तुमचं पन अंग बाहेर येतं का?"

तिनं जवळ्यातला एक खडा काढून अंगणात टाकला. "मना काय धाड भरली? मी धडधाकट हाय."

"मग टाच कशाला?"

"बैठक हाय ती."

आणि ती परत जवळा निवडायला लागली. ऑपरेशनचं कळल्यावर मात्र तिचं तोंड सुटलं. तिच्या मते पिशवी काढली की बाईचा आवाज जातो. "रिकाम्या घागरीतून आवाज निंगल, पर धवला न्हाय निंगायचा," ती म्हणाली. "माज्या माघारी कोन गाईल? ती लंगडी?"

हे मला लागलं, कारण मलाही आतून तीच भीती होती. गावात दुसऱ्या कुणाला सगळे धवले येत नव्हते. सासूचा गळा गेलेला. माझाही गेला तर देवांना बोलवायचे शब्द तिथेच संपणार होते, आणि मीही गायल्याशिवाय कोण होते? चार मुलांची आई आणि सुपरवायझरची बायको. बाईंना मी विचारलंच. त्या हसल्या, "आवाज गळ्यात असतो, ताई. पिशवीत मुलं असतात, आणि ती तुमची चारही बाहेर आली आहेत."

दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं. कमरेखालचं सगळं बधिर होतं आणि मी जागी होते. शुद्धीत असताना बाईमाणसाला इतका वेळ पाठीवर पडून राहायला मिळतं हेच मला नवल वाटलं. पुढचे दिवस वाईट गेले, खोटं कशाला बोलू. लघवीची नळी, टाक्यांची ओढ, खोकला आला की जीव मुठीत. पण नळी काढली त्या सकाळी मी संडासात गेले आणि बोट न लावता, एका दमात लघवी झाली. मी तिथेच बसून हसत राहिले. बाहेरून नर्स दार वाजवत होती, "क्या हुआ, ताई?" काय सांगणार तिला!

घरी आले तर सासूनं खोली तयार ठेवलेली. खिडकीला पडदा, खाटेखाली शेगडी, डब्यात डिंकाचे लाडू, उशाशी पोट बांधायला धुवट लुगडं. तिच्या लेखी बाई खाटेवर पडली म्हणजे बाळंतीण. दुसरं कारणच तिला माहीत नव्हतं. चार बाळंतपणांत मला जे मिळालं नव्हतं ते आता मिळत होतं. दोन दिवस मी लाडू खाल्ले. तिसऱ्या दिवशी पोट दगड झालं, आणि कुंथायचं तर नाहीच, अशी बाईंची सक्त ताकीद. नवरा धावत जाऊन औषध घेऊन आला आणि बाईंचा निरोपही: लाडू बंद, शेगडी बंद, पोट बांधणं बंद, पपई आणि पाणी चालू. सासूला ते फारच लागलं. शेगडी उचलून नेताना म्हणाली, "मूल न्हाय, लाडू न्हाय, कसली ही बालंतीन!" संध्याकाळी मात्र पपई कापून तीच घेऊन आली. बिया एकूण एक काढलेल्या होत्या.

हंडा बंद होता, भाकरी थापायला उकिडवं बसणं बंद होतं. बाईंनी एक व्यायाम दिला होता. लघवी रोखल्यासारखं आतून वर ओढून धरायचं, मग हळू सोडायचं. मी कांदा चिरताना करायचे, टीव्हीपुढे करायचे. तोंडावर काही दिसत नाही, त्यामुळे सासूला वाटे मी कामचुकार झालेय. गायला मात्र धजत नव्हते. बाई गा म्हणाल्या तरी महिनाभर मी नुसते ओठ हलवले. आवाज गेला असेल तर तो कळायलाच नको, असं वाटायचं.

वैशाखात पुतणीचं लग्न निघालं. जाऊ म्हणाली, तू नाही गायलीस तर कॅसेट लावू. कॅसेट! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मांडवात जाऊन बसले, सरळ मांडी घालून. सासूची नजर माझ्या गुडघ्यावर गेली, पण तिच्याकडे त्या दिवशी काठी नव्हती. मी आतून वर ओढून धरलं, श्वास भरला आणि ती लांब ओळ उचलली. आवाज निघाला. पहिल्यांदा थोडा खरखरला, मग मोकळा झाला, आणि खाली काहीसुद्धा हललं नाही. इतकी वर्षं मी निम्मा जीव गाण्यात आणि निम्मा टाचेत ठेवून गात होते. आता अख्खा जीव गाण्यात होता. शेजारी सासू ओळ झेलायची विसरली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

नवरी सासरी गेल्यावर दोन दिवसांनी, सकाळी, मी केस विंचरत असताना ती दारात येऊन उभी राहिली. "रिक्षा सांग," म्हणाली. "मना पन दावायचं हाय त्या बाईला."

दवाखान्यात नवरा बाहेर बाकड्यावर बसला. बाईंनी तपासून विचारलं, "आजी, कधीपासून आहे हे?"

सासूनं दाराकडे बोट केलं. "त्यो भाईर बसलाय ना, त्यो झाला तवापासून."

नवऱ्याचे केस तेव्हा पांढरे व्हायला लागले होते. बाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "आणि गाणं?" त्यांनी विचारलं. "ताई म्हणत होत्या, तुमचा गळा गेला."

"गला कशाला जाईल?" सासू म्हणाली. "वर गेलं का भाईर येयाचं. टाच बी पुरंना. म्हनून खाली गायची मी."

वयामुळे आणि रक्तदाबामुळे तिचं ऑपरेशन करायला बाई तयार नव्हत्या. त्यांनी रिंग बसवली आणि तिच्यात ती टिकली. बाईंनी तिला खोलीत फिरवलं, खोकायला लावलं, उठवलं, बसवलं. ती प्रत्येक वेळी खाली बघायची आणि मग आमच्याकडे.

परत येताना रिक्षात नवरा पुढे ड्रायव्हरजवळ अवघडून बसला होता, आम्ही दोघी मागे. रस्ता सोडून कुणी कशाबद्दल बोलत नव्हतं. कोनच्या अलीकडे सासूनं घसा साफ केला, मांडीवर हात ठेवला आणि देवांना बोलवायचा धवला उचलला. खालच्या सुरात नाही. तिनं ती लांब ओळ अशी वर नेली की ट्रकचे हॉर्न मागे पडले. ड्रायव्हरनं वळून विचारलं, "अम्मा, घर में शादी है क्या?" नवरा मान खाली घालून रडत होता. मला ओळ झेलायची होती, पण माझ्याच्यानं झेलवेना. इतकी वर्षं शेजारी बसून गायले आणि माझ्या सासूचा अख्खा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.