मामांच्या बसायच्या जागा

मुंबईत रस्ता चुकलात तर कुणालाही विचारा, पण आमच्या हिच्या मामांना विचारू नका. बाकीची मुंबई हात दाखवून मोकळी होते. मामा चपला घालतात. ठाकूरद्वारच्या नाक्यावर कुणी त्यांना "फोर्टातल्या जुन्या इमारती बघायला कसं जायचं?" एवढं विचारलं की त्या माणसाची सकाळ मामांच्या मालकीची झाली. आधी ते पाहुण्याच्या पायांकडे बघतात. पायात नव्या चपला दिसल्या तर "आज नको, दोन दिवस घरात वापरा आणि मग या" असं सांगून परत पाठवतात. जुन्या असल्या तर बरोबर निघतात. "जाताना डाव्या फुटपाथने चालायचं, सावली मिळते. संध्याकाळी येतानाही डाव्यानेच. सूर्य बाजू बदलतो, आपण बदलायची नाही," हा त्यांचा पहिला धडा.

एवढ्या उत्साहाचा माणूस वाटेतल्या इमारतींची थोडीफार माहिती तरी देईल, असं तुम्हाला वाटेल. छे! इतिहासाचं आणि मामांचं वाकडं आहे. त्यांना ठाऊक असतं ते वेगळंच. कुठल्या पायरीवर बसलं तर वॉचमन हटकत नाही, कुठल्या पाणपोईचं पाणी गार असतं, कुठली मुतारी बाहेरून भीषण पण आतून स्वच्छ आहे. हिचा नागपूरचा आतेभाऊ इतिहासाचा मोठा शौकीन. गळ्यात कॅमेरा अडकवून तो मामांबरोबर निघाला. एका दगडी इमारतीसमोर थांबून त्याने भक्तिभावाने विचारलं, "मामा, ही कुणी बांधली हो?" मामा म्हणाले, "बांधून झालीय ना आता? मग सोडा. पाणी प्यायलात का?" संग्रहालयाच्या दारात तर त्यांनी त्याला तिकीट काढायच्या आधी बळेबळे पाणी पाजलं, कारण "घसा कोरडा पडला की तलवारी कुणी बघत नाही." संध्याकाळी आतेभाऊ घरी आला तेव्हा मी विचारलं, "काय काय बघितलंस?" तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "बाकं."

बाकं, कट्टे, पायऱ्या, देवळाबाहेरचे ओटे. दर थोड्या अंतरावर मामा थांबणार म्हणजे थांबणारच. त्यांच्या खिशात दोन रुमाल असतात, एक घाम पुसायचा आणि एक जागा पुसायचा. दोन माणसं नीट बसतील एवढी जागा ते पुसतात, पाहुण्याला बसवतात आणि स्वतः समोर उभे राहतात. पाहुण्याने शेजारच्या मोकळ्या जागेवर पिशवी ठेवली तर म्हणतात, "पिशवी मांडीवर घ्या." एकदा दोन धट्टीकट्टी गोरी पोरं त्यांच्या तावडीत सापडली. डोंगर चढून आलेली असावीत, पोटऱ्याच तशा होत्या. मामा म्हणाले, "सिट." पोरं हसून म्हणाली, आम्ही दमलेलो नाही. मामांनी मान हलवली. "यू नॉट नो. टायर्ड कम्स लेट. सिट." पोरं बसली. मामांपुढे कुणाचं काही चालत नाही.

हा नाद मामी गेल्यानंतरचा. एकटा माणूस, मुलगी लग्न होऊन दूर बंगलोरला, वेळ जात नसेल, असं आम्ही सगळे समजत होतो. त्यात मामांची चाळ पाडून तिथे टॉवर बांधायचं ठरलं. तो होईपर्यंत सगळ्या बिऱ्हाडांना अँटॉप हिलला तात्पुरत्या जागा मिळाल्या आणि एकेक करून सगळे गेले. मामा मात्र हलेनात. "मी गेलो तर चौकशीला येणाऱ्यांची गैरसोय होईल," म्हणायचे. रिकाम्या चाळीत, खालच्या मजल्याला टेकू लावलेले, आणि वर हा एकटा म्हातारा. हिला झोप लागेना.

"तुम्ही जा. तुमचं ऐकतील ते," ही मला म्हणाली.

"माझं? अगं, या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा माझं ऐकत नाही."

"म्हणूनच जा. तुम्ही समोर असलात की माणसाला आपण शहाणे असल्यासारखं वाटतं. मोकळेपणाने बोलतील."

या कौतुकानंतर जाणं भाग होतं. रविवारी सकाळी पोचलो. मी तोंड उघडायच्या आत मामांनी माझ्या चपला तपासल्या, पसंत केल्या, आणि आम्ही चिराबाजाराच्या दिशेने डाव्या फुटपाथने चालू लागलो. मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो. पण माझ्या पोटाचा घेर तुम्ही पाहिलेला नाही. भाषण आणि चालणं ही दोन कामं मला एकदम जमत नाहीत. मला धाप लागली आणि नेमक्या त्याच क्षणी मामांनी रुमाल काढून एका बंद दुकानाची पायरी पुसली. पुढे धोबीतलावाच्या अलीकडे पुन्हा तसंच. माझा दम संपायला आणि मामांचा रुमाल निघायला एकच गाठ. मला जरा राग आला.

"मामा, माझ्या पोटाकडे बघून थांबताय ना?"

"तुमच्या नाही हो, जावईबापू." ते समोर उभे होते, रुमालाची घडी घालत. "हिला, तुमच्या मामीला, इथे दम लागायचा."

मामा बोलत राहिले.

"दर रविवारी आम्ही फिरायला निघायचो. ही मध्येच थांबायची. म्हणायची, 'अहो, वरचं बघा ना, काय सुंदर नक्षी आहे!' मी बघायचो. थोडं पुढे गेलं की पुन्हा, 'अहो, ती खिडकी बघा.' मला वाटलं, हिला जुन्या इमारतींचं वेड लागलं. मी खूश. पुढच्या रविवारी आणखी लांब न्यायचो. मेट्रो सिनेमाच्या पुढे, हुतात्मा चौक, पार त्या घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत. म्हटलं, बघू दे पोटभर. ही काही बोलली नाही. मला चालायची हौस ना! डॉक्टर नंतर म्हणाले, छातीचं दुखणं जुनं आहे. इतके दिवस यांना कधी धाप लागलेली दिसली नाही का तुम्हाला?" मामांनी घडी घातलेला रुमाल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "मी वर बघत होतो ना."

समोरून बस गेली. मी शेजारच्या पुसलेल्या जागेकडे पाहिलं आणि जरासा बाजूला सरकलो.

"तिकडे अँटॉप हिलला जायला माझी ना नाही," ते म्हणाले. "लिफ्टसुद्धा आहे म्हणतात. पण तिथे ही कुठे बसलीय?"

माझं भाषण तिथेच संपलं. घरी आल्यावर "काय म्हणाले?" असं हिने विचारलं तेव्हा मी "बघतो म्हणाले" एवढंच सांगितलं.

शेवटी चाळीचं पाणी बंद झालं आणि मामांना जावंच लागलं. आम्ही दोघांनी सामान लावून दिलं. महिनाभर ते घराबाहेर पडले नाहीत. खाली उतरून कोण काय विचारणार? अँटॉप हिलला रस्ता विचारत फिरायला कोण येतं? फोन केला की म्हणायचे, "बरं आहे. लिफ्ट चालू आहे." भेटायला गेलो की दोन रुमाल धुऊन दोरीवर वाळत घातलेले असायचे, तसेच.

मागच्या रविवारी मी एकटाच गेलो आणि त्यांना जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलंसुद्धा नाही. वसाहतीतून चढाचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना एकसारख्या सपाट सरकारी इमारती. मामा मुकाट्याने पुढे, मी मागे. चढ माझ्या अंदाजापेक्षा जास्त निघाला. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, पण सत्तरी ओलांडलेला माणूस पुढे चालत असताना मी दमलो असं कोणत्या तोंडाने सांगणार? मी थांबलो, वर हात केला आणि म्हणालो, "मामा, ती गॅलरी बघा, काय छान आहे!"

गॅलरीत कुणाची तरी गोधडी वाळत होती. बाकी काही नव्हतं.

मामा वळले. त्यांनी वर बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. मग खिशात हात घातला. रुमाल तिथे होता. रस्त्याकडेच्या एका बुटक्या भिंतीवर, निंबाच्या सावलीत, त्यांनी दोन माणसांपुरती जागा अगदी सावकाश पुसली.

"बसा," म्हणाले.

मी एका कडेला बसलो. पिशवी मांडीवर घेतली. मामा समोर उभे राहिले.